राजघराण्यातील सून आणि तिचे नाव: बडोद्याच्या दोन चिमणाबाई

अंगणवेल (धागाकर्ती)

बडोद्यात रावपुऱ्याच्या भर रस्त्यात घड्याळाचा जो मनोरा उभा आहे, त्याला सगळे रावपुरा टॉवर म्हणतात. त्याचे मूळ नाव चिमणाबाई टॉवर असून तो १८९६ साली उभारला गेला. त्याच शहरात १९१४ साली स्थापन झालेले महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयही आहे. मी लग्न होऊन या शहरात आले, त्यानंतरची निदान सहा-सात वर्षे ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, असे मी धरून चालले होते. ती तशी नाहीत. मनोरा ज्यांच्या स्मरणार्थ आहे त्या चिमणाबाई १८८५ साली वारल्या आणि उद्योगालय ज्यांच्या नावाचे आहे त्या चिमणाबाई त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच घरात सून म्हणून आल्या.

पहिल्या चिमणाबाईंचे माहेरचे नाव लक्ष्मीबाई. त्या तंजावरच्या मराठा घराण्यातल्या मोहित्यांच्या कन्या होत्या आणि त्यांचा जन्म १८६४ चा. जानेवारी १८८० मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्याशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा वर सोळा वर्षांचा होता आणि वधू त्याच्याच वयाच्या आसपासची. पुढच्या पाच वर्षांत बजुबाई, पुतळाबाई आणि युवराज फत्तेसिंहराव अशी तीन अपत्ये झाली. मे १८८५ मध्ये राणीसाहेब क्षयाने गेल्या, तेव्हा फत्तेसिंहरावांना दोन वर्षेही पुरी झालेली नव्हती. डिसेंबर १८८५ मध्ये देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी महाराजांचे दुसरे लग्न झाले. ही मुलगी चौदा वर्षांच्या आतबाहेरची होती आणि तिचेही नाव चिमणाबाई ठेवण्यात आले.

आपल्याकडे लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची रीत आहे. नवरा नाव लिहितो, पुरोहित ते मोठ्याने वाचतो, जमलेल्या बायका हसतात आणि मग ते तांदूळ गोळा करून ठेवले जातात. या दुसऱ्या लग्नातला प्रसंग मी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणून पाहते. बावीस वर्षांच्या तरुणाने सात-आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या बायकोचे नाव समोर बसलेल्या अनोळखी मुलीसाठी पुन्हा उच्चारले, तेव्हा त्या मुलीला ते नाव कोणाचे आहे हे ठाऊक होते का? वाड्यातल्या दासी, मानकऱ्यांच्या बायका, पहिल्या राणीच्या तंजावरहून आलेल्या सख्या, या सगळ्यांच्या कानांवर ते नाव पडले असेल, तेव्हा त्यांनी कोणाकडे पाहिले असेल?

मला असे वाटते की राजघराण्यात येणाऱ्या मुलीला संसार मिळत नसे, रिकामी झालेली जागा मिळत असे, आणि ती जागा आपल्या नावासकट तयार असे. जाणकारांनी या घराण्याविषयी किंवा इतर संस्थानांविषयी जे ठाऊक असेल ते लिहावे, ही विनंती.

खडीसाखर

अंगणवेलताई, लेख आवडला, परंतु मुद्दा मला पुरता पटलेला नाही. नाव बदलणे ही केवळ राजघराण्यांची रीत नव्हती. माझ्या आजीचे माहेरचे नाव काय होते, हे आम्हां नातवंडांना ती गेल्यानंतर तिच्या भावाच्या जुन्या पत्रावरून कळले, आणि आमचे घर म्हणजे तीन खणांचे आणि एका विहिरीचे. पहिली बायको गेल्यावर दुसरीला तेच नाव देण्याची पद्धतही मी ऐकलेली आहे. शिवाय स्वतः सयाजीराव तरी जन्मतः सयाजीराव कुठे होते? नाशिककडच्या कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा तो गोपाळ नावाचा मुलगा. बारा वर्षांचा असताना मे १८७५ मध्ये दत्तक घेऊन त्याला गादीवर बसवले आणि त्याच्या घराण्यात आधी दोघांनी वापरलेले नाव त्याला दिले. त्याचीही जागा नावासकट तयारच होती. मग दुःख फक्त सुनेचेच का मोजायचे?

अंगणवेल

खडीसाखर, गोपाळरावांचे उदाहरण अगदी योग्य आहे आणि मला ते आधीच सुचायला हवे होते. तरीही एक फरक राहतोच. सयाजीरावांच्या नावापुढे ‘तिसरे’ लागले, म्हणजे आधीचे दोघे त्या नावात जिवंत राहिले आणि हा तिसरा वेगळाही राहिला. दोन्ही चिमणाबाईंना ‘पहिल्या’ आणि ‘दुसऱ्या’ असे आपण आज पुस्तकात म्हणतो, कारण तसे म्हटल्याशिवाय गोंधळ होतो. वाड्यात दोघीही फक्त राणीसाहेब होत्या. आपल्या आजीविषयी वाचून मात्र बराच वेळ काही सुचले नाही.

कावेरीकाठ

मी मूळचा तंजावरचा असून आमच्या घरी अजून तंजावरी मराठी बोलली जाते, म्हणून पहिल्या लक्ष्मीबाईंविषयी थोडे लिहितो.

तंजावरचे राजे दुसरे शिवाजी १८५५ साली पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली, मद्रासच्या न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये, हा सार्वभौम सत्तेचा निर्णय असल्याने न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे, असे सांगून तो फिरवला. म्हणजे लक्ष्मीबाई जन्मल्या तेव्हा राज्य जाऊन नऊ वर्षे झाली होती. तिथे उरले होते ते वाडे, सरस्वती महालातले ग्रंथ, संगीत, नृत्य आणि मोठे कूळ. अशा घरातल्या मुलीला चालत्या संस्थानातून मागणी आली, तर नकाराचा प्रश्नच नव्हता. त्या वेळी बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव होते, तेही कुंभकोणमचे, तंजावरी मराठी कुळातले. त्यामुळे बडोद्याला तंजावर अगदीच परके नव्हते.

लग्नासोबत तंजावरहून नृत्यांगना, नट्टुवनार (नृत्यगुरू) आणि वादक यांचा ताफाही बडोद्याला आला. त्यांच्यातल्या गौराबाई आणि कांतिमती यांची नावे आजही नृत्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत, आणि गुजरातेत भरतनाट्यमचे जे पाऊल पडले ते या ताफ्याबरोबर. राणीसाहेबांना स्वतःला नृत्याचे आणि कर्नाटक संगीताचे शिक्षण मिळाले होते, असे सांगितले जाते.

आता भाषेचा प्रश्न घ्यावा. आमची मराठी सतराव्या शतकात महाराष्ट्रापासून तुटली आणि तमिळच्या शेजारी वाढली. मी पुण्यात शिकायला आलो, तेव्हा वसतिगृहातली मुले माझ्या तोंडून दोन-दोन वाक्ये मुद्दाम बोलवून घेत आणि हसत. मी एकवीस वर्षांचा मुलगा होतो, मला राग आला आणि मी चार महिन्यांत पुणेरी बोलायला शिकलो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला वाड्यातल्या बायका हसल्या असतील की नाही, याची कोठे नोंद असणार? तिला तर उठून जाण्याचीही सोय नव्हती.

रोखठोक

सर्वांची क्षमा मागून वेगळा सूर लावतो. कावेरीकाठ यांनी लिहिले की लग्नासोबत नृत्यांगना आल्या. त्यांना कोणी विचारले होते का? राणीने निदान राणीपण भोगले. तिच्याबरोबर ज्या बायका हजार मैल दूर पाठवल्या गेल्या त्या रुखवतासारख्या आल्या आणि वाड्याच्या खानगी खात्याच्या पगारपत्रकावर चढल्या. राजवाड्यातल्या सुनेचे अश्रू पुसताना तिचे पाय चेपणाऱ्या दासीचे काय, हा प्रश्न या धाग्यात कोणी विचारणार की नाही?

कावेरीकाठ

रोखठोक, आपला प्रश्न रास्त आहे. इतकेच जोडतो की पुढे राणी पाच वर्षांत गेली आणि तो ताफा बडोद्यातच राहिला. त्यांच्या वंशातल्यांनी आणि शिष्यांनी ती कला बडोद्यात टिकवली. आणलेल्या सर्वांमध्ये जिचा मुक्काम सर्वांत लवकर संपला, ती जिच्यासाठी सगळे आणले तीच होती.

विश्वामित्री

मी बडोद्याचाच. सासूविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो, कारण या घरातल्या सुनेच्या अवस्थेचे खरे मोजमाप जमनाबाई आहेत.

बडोद्याचे खंडेराव महाराज नोव्हेंबर १८७० मध्ये वारले, तेव्हा त्यांची तरुण राणी जमनाबाई गरोदर होती. गादीवर दीर मल्हारराव बसले, पण अट अशी की जमनाबाईंना मुलगा झाला तर गादी त्याची. आता त्या बाईचे ते महिने कसे गेले असतील याची कल्पना करावी. ज्या वाड्यात ती राहत होती त्या वाड्याच्या मालकाचे सारे भवितव्य तिच्या पोटातल्या जिवावर टांगलेले होते. आपल्या जिवाला धोका आहे, असे तिने इंग्रज रेसिडेंटला कळवले आणि तिला संरक्षणात ठेवावे लागले. जुलै १८७१ मध्ये तिला मुलगी झाली आणि तिचे महत्त्व एका दिवसात संपले. ती पुण्याला जाऊन राहिली. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केले, तेव्हा दत्तक घेण्यासाठी सरकारला खंडेरावांची विधवा हवी होती, म्हणून तिला सन्मानाने परत आणले. पोटी मुलगा नाही म्हणून वाडा सोडलेली बाई दुसऱ्याचा मुलगा मांडीवर घेण्यासाठी वाड्यात परतली.

१८८० मध्ये तंजावरची सून आली, तेव्हा ही राजमाता तिशीच्याही अलीकडे होती. सासू-सुनेतले अंतर एका थोरल्या बहिणीइतके. त्यांच्यात माया होती की धुसफूस, यावर मी बोलणार नाही. पण सुनेला दिवस राहिले की घरात काय काय टांगणीला लागते, हे त्या वाड्यात जमनाबाईंइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

पंचगंगा_घाट

कोल्हापूरच्या इंदुमतीदेवींचा उल्लेख या धाग्यात झालाच पाहिजे. सासवडच्या जगताप घराण्यातली ही मुलगी, जन्म डिसेंबर १९०६. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांच्याशी जून १९१७ मध्ये तिचे लग्न झाले, आणि नाव अर्थातच बदलले. वर्षभरातच, १२ जून १९१८ रोजी, रानडुकराच्या शिकारीत प्रिन्स शिवाजींचा अपघाती मृत्यू झाला. सून साडेअकरा वर्षांची होती.

एक गोष्ट मला नेहमी खटकते आणि ती शाहू महाराजांविषयीचा पूर्ण आदर मनात ठेवूनच लिहितो. १९१७ सालीच कोल्हापूर संस्थानात विधवा-पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा झाला होता. तो रयतेसाठी होता. छत्रपतींच्या घरातील विधवा सुनेच्या बाबतीत त्या वाटेने कोणी गेले नाही. कायदा करणारा आणि ती मुलगी एकाच छपराखाली होते.

परंतु महाराजांनी जे केले तेही लहान नव्हते. त्यांनी सुनेला शिकवायचे ठरवले. वाड्यातून विरोध झाला, आणि तो स्त्रियांकडूनच जास्त झाला. राजघराण्यातल्या विधवेने पाटी-पेन्सिल घेऊन बसावे हे त्यांना मान्य नव्हते. तेव्हा महाराजांनी तिला राजवाड्यात न ठेवता कोल्हापूरजवळ सोनतळीला ठेवले. तिथे तिच्या शिक्षणाची सोय केली, आणि एकटी पडू नये म्हणून सोबत शिकायला इतर मुलीही आणल्या, त्याही वेगवेगळ्या जातींच्या. महाराज तिला पत्रे लिहीत, तिच्या अभ्यासाची चौकशी करीत. मे १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि तिची बाजू घेणारा एकुलता एक माणूस संपला. तरीही तिने शिक्षण सोडले नाही. स्त्रियांसाठी कोल्हापुरात त्यांनी पुढे ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांतली ललिताविहार जुन्या कोल्हापूरकरांना आठवत असेल. १९७१ साली त्या वारल्या, म्हणजे वैधव्याची त्रेपन्न वर्षे.

माझी मोठी आत्या त्यांना एकदा भेटली होती. ‘पांढरे पातळ, डोक्यावरून पदर, आणि बोलायला लागल्या की शाळेतल्या बाई,’ एवढेच ती सांगायची.

खडीसाखर

पंचगंगा_घाट, साडेअकरा हा आकडा मी दोनदा वाचला. नावाच्या बाबतीतला माझा आक्षेप कायम आहे, पण वैधव्याच्या बाबतीत मागे घेते. आमच्या तीन खणांच्या घरात आलेल्या विधवेला निदान शेतावर जाता येई, विहिरीवर बोलता येई. गोषातल्या, म्हणजे पडद्यातल्या, विधवेला तेही नाही.

विश्वामित्री

गोषाचा विषय निघालाच आहे, तर दुसऱ्या चिमणाबाईंकडे परत येतो, कारण धागाकर्तीने त्यांना अंगठीच्या प्रसंगानंतर तिथेच सोडून दिले आहे आणि ते बरोबर नाही.

या गजराबाईंचे खरे शिक्षण लग्नानंतर बडोद्याच्या वाड्यात झाले. सयाजीराव स्वतः बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर होते आणि मग झपाट्याने शिकले, त्यामुळे उशिरा शिकणाऱ्याची नड त्यांना कळत असावी. नवरा युरोपच्या वाऱ्या करू लागला तशा राणीसाहेबही जाऊ लागल्या. लंडन-पॅरिसमध्ये त्या मोकळ्या फिरत, लोकांना भेटत, संस्था पाहत. परंतु परतीच्या बोटीतून उतरून बडोद्याच्या स्टेशनावर आल्या की पुन्हा पडद्याची गाडी आणि पुन्हा गोषा. हे एक-दोन वर्षे चालले नाही. १९११ साली हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले, तरी गावात त्या पडद्यातच होत्या. बडोद्यात त्यांनी गोषा सोडला तो १९१४ मध्ये, म्हणजे लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांनी. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

आणि आता त्यांचीच दुसरी बाजू. मुलगी इंदिराराजे यांचे लग्न त्यांनी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरवले. महाराज मुलीपेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी मोठे, आणि पहिली राणी हयात. १९११ च्या दिल्ली दरबारात इंदिराराजेंची कुचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी ओळख झाली आणि त्यांनी स्वतःच शिंद्यांना पत्र लिहून लग्न मोडले. ग्वाल्हेरहून, राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा करणारी तार आली, तेव्हा आईबापांना प्रथम कळले. बडोद्यात हाहाकार झाला. अखेर १९१३ साली लंडनमध्ये लग्न झाले आणि आईबाप त्याला हजर नव्हते. स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहिणाऱ्या राणीला आपल्या मुलीने सवतीवर जाऊ नये असे वाटले नाही, आणि मुलीने नकार दिला तेव्हा तो सहनही झाला नाही.

अंगणवेल

विश्वामित्रीकाका, मी त्यांना तिथेच सोडले, हा आरोप मान्य. इंदिराराजेंच्या प्रकरणात मात्र आपण चिमणाबाईंना थोडे कठोर न्यायाने तोलत आहात असे मला वाटते. जिला स्वतःला चौदाव्या वर्षी दुसरी म्हणून आणले, जिने मृत सवतीचे नाव आणि तिचे दोन वर्षांचे मूल दोन्ही एकदमच स्वीकारले, तिला ‘दुसरेपणा’ ही गोष्ट अन्याय म्हणून दिसलीच नसेल. ती सोसायची असते आणि सोसून मोठे व्हायचे असते, हे तिने स्वतः करून दाखवले होते.

रोखठोक

अंगणवेलताई, सोसलेल्यांनीच पुढच्या पिढीला सोसायला लावले, तर त्याला समजून घेण्यापलीकडेही एक शब्द आहे. सासुरवास.

पंचगंगा_घाट

आमच्याकडची आणखी एक मुलगी बडोद्याला दिली होती, हे लिहायचे राहिले. हसूरच्या घोरपड्यांच्या शांतादेवी. फत्तेसिंहरावांचे पुत्र प्रतापसिंहराव यांच्याशी १९२९ मध्ये त्यांचे लग्न झाले. सयाजीराव हयात होते आणि नातसून मनासारखी मिळाली म्हणून समाधानी होते. पुढे प्रतापसिंहराव गादीवर आले. बडोद्यात हिंदू पुरुषाला पहिली पत्नी असताना दुसरे लग्न करण्यास कायद्याने बंदी होती. तरीही १९४३ साली महाराजांनी सीतादेवींशी लग्न केले आणि कायदा राजाला लागू नाही, अशी भूमिका घेतली. कोल्हापूरचे उदाहरण मी दिले, तिथे सुनेला कायद्याचा फायदा मिळाला नाही. इथे सुनेला कायद्याचे संरक्षण मिळाले नाही. दोन्ही ठिकाणी कायदे पुरोगामीच होते.

कावेरीकाठ

म्हणजे ज्यांच्याशी शांतादेवींचे लग्न झाले, ते तंजावरच्या लक्ष्मीबाईंचे नातू. हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

विश्वामित्री

होय. दुसऱ्या चिमणाबाईंना जयसिंहराव, शिवाजीराव आणि धैर्यशीलराव असे तीन मुलगे झाले, ते तिघेही आईच्या हयातीतच गेले. त्या स्वतः १९५८ पर्यंत होत्या. गादी गेली ती एकवीस वर्षांच्या वयात वारलेल्या पहिल्या राणीच्या वंशात. फत्तेसिंहरावही १९०८ मध्ये तरुणच वारले, त्याच वर्षी प्रतापसिंहराव जन्मले होते. म्हणजे ज्या बाईचे नाव दुसरीला दिले तिचे रक्त गादीवर राहिले, आणि जिने ते नाव त्र्याहत्तर वर्षे चालवले तिच्या मुलांपैकी कोणी गादीवर बसले नाही.

खडीसाखर

विश्वामित्रीकाका, आपण बडोद्यातच आहात तर एक विनंती. त्या मनोऱ्यावर लेख कोरलेला असेल, तर त्यात लक्ष्मीबाई हे नाव कुठे आहे का, तेवढे पाहून सांगाल? माझ्या आजीपुरते तरी मला ते जाणून घ्यायचे आहे.

विश्वामित्री

रविवारी सकाळी जातो. एरवी तिथे वाहनांमुळे मान वर करून उभे राहता येत नाही.

अंगणवेल

काका, मीही येते. घरातून चालत दहा मिनिटे आहे आणि चौदा वर्षांत मी त्या मनोऱ्यावरची वेळ सोडून दुसरे काही वाचलेले नाही. शाहू महाराजांच्या कन्या आणि देवासच्या महाराणी अक्कासाहेब यांच्याविषयी दोघांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवले आहेत. माहेरी परत आलेल्या राणीचा विषय वेगळा आहे, त्यासाठी पंचगंगा_घाट यांनी नवा धागा काढावा.